ॲप्रन कशाचा आहे? कृत्रिम धाग्यांची ओळख, निवड आणि निगा

ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत एक नवी मुलगी रुजू झाली. एम.एस्सी. नुकतंच झालेलं, हातात कोरी वही आणि अंगात पांढराशुभ्र ॲप्रन. इतका पांढरा की मला माझ्या चार वर्षं जुन्या, बाहीवर पिवळे डाग पडलेल्या ॲप्रनची लाज वाटली. मी सहज विचारलं, "कशाचा आहे गं?" ती म्हणाली, "कॉटनचा, ताई. दुकानदार म्हणाला, प्युअर कॉटन."

मी ॲप्रनचं टोक मुठीत घट्ट चुरगळलं आणि सोडलं. कापड जवळजवळ पूर्ववत झालं. सुती कापड इतकं आज्ञाधारक नसतं. मग आम्ही दोघींनी शिवणीच्या आतल्या बाजूने चार-पाच धागे ओढून काढले, फ्यूम हूडमध्ये गेलो, आणि धागे चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्याजवळ नेले. धाग्यांनी पेट घेतला, कागद जळल्यासारखा वास आला. इथवर सगळं कॉटनसारखंच. पण ज्योत विझल्यावर बोटाने चुरडता येईल अशी भुरभुरीत राख उरली नाही. टोकाला एक काळा, टणक मणी तयार झाला होता. टेरिकॉट. म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण.

तिचा चेहरा पडला. मी तिला माझं डावं मनगट दाखवलं. तिथे रुपयाएवढा एक गुळगुळीत डाग आहे. माझ्या पहिल्या वर्षी मीही असाच 'प्युअर कॉटन' ॲप्रन घातला होता आणि लेबलवर विश्वास ठेवला होता. तेलाच्या बाथखालची हॉटप्लेट तापलेली होती, मी पलीकडचा फ्लास्क घ्यायला हात लांब केला, आणि बाही प्लेटला टेकली. सुती कापड असतं तर करपलं असतं आणि मी हात मागे घेतला असता. या कापडाचा काही भाग वितळला, प्लेटला चिकटला, आणि हात ओढताना तोच वितळलेला भाग मनगटाला लागला. दोन सेकंदांची गोष्ट. पण तो चिकट, तापलेला थर पटकन पुसून टाकता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पॉलिमरवर पीएच.डी. करणारी मुलगी, आणि स्वतःच्या अंगावर कोणता पॉलिमर आहे ते तिला माहीत नाही!

तुम्ही नेट-सेटची तयारी करत असाल, पेट देऊन गाइड शोधत असाल, किंवा पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत पाऊल टाकणार असाल, तर हा विषय अभ्यासक्रमात कुठेच भेटणार नाही. म्हणून लिहिते आहे.

एका स्वेटरची गोष्ट

२९ डिसेंबर २००८. लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी-ब्युटाइललिथियम हे रसायन सिरिंजने एका भांड्यातून दुसऱ्यात घेत होती. हे रसायन हवेशी संपर्क येताच आपोआप पेटतं. सिरिंजचा दट्ट्या बाहेर निसटला, द्रव सांडला आणि आग लागली. तिच्या अंगात ॲप्रन नव्हता. अंगात होता कृत्रिम धाग्याचा स्वेटर, आणि तो पेटला. शरीराचा ४० टक्क्यांहून अधिक भाग भाजला. १६ जानेवारी २००९ रोजी ती गेली.

या दुर्घटनेवर पुढे खूप लिहिलं गेलं. प्रशिक्षण, देखरेख, सिरिंजचा आकार, खटला, सगळ्यावर. ते वाचायलाच हवं. पण मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी नजर अडकली ती स्वेटरवर. थंडीचे दिवस, माणूस सकाळी घरातून निघताना हाताला येईल तो स्वेटर घालतो. त्यात वेगळं असं काही नाही. तुमच्याकडेही एक असेल, बहुधा ॲक्रिलिकचा.

धागा म्हणजे लांब रेणू

थोडक्यात उजळणी करू. हर्मन श्टाउडिंगर यांनी १९२० च्या सुमारास मांडलं की रबर, सेल्युलोज असे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचा पुंजका नव्हे, तर प्रचंड लांब साखळ्या आहेत. तेव्हा त्यांची बरीच टिंगल झाली, नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. अशा साखळ्या मुद्दाम घडवायचं काम अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी हाती घेतलं आणि १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये बनवला. त्याचं व्यापारी नाव टेरिलीन. आपल्याकडे 'टेरिकॉट' हा शब्द आला तो त्याच्यातल्या 'टेरि'ला कॉटनचं शेपूट जोडून. आजोबांच्या पिढीत टेरिकॉटचा शर्ट म्हणजे प्रतिष्ठा होती. इस्त्री टिकते, फाटत नाही, रात्री धुतला की सकाळी वाळलेला.

बाजारातले धागे ढोबळपणे तीन घरांतले. सूत, लोकर, रेशीम हे निसर्गाने विणलेले पॉलिमर. नायलॉन, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक हे पेट्रोरसायनांपासून बनवलेले. आणि मधलं एक घर, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो, ते व्हिस्कोस म्हणजे रेयॉनचं. त्याचा कच्चा माल लाकडाचा लगदा, रेणू सुतातलाच सेल्युलोज, पण तो विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात काढलेला. दुकानात व्हिस्कोसला कधी 'आर्ट सिल्क' म्हणतात, कधी 'कॉटनच समजा' म्हणतात. समजू नका. का ते पुढे येईल.

या धाग्यांचं वागणं समजून घ्यायला मला दोन आकडे पुरतात: धागा पाणी किती धरतो आणि तो कोणत्या तापमानाला मऊ पडतो.

पाण्याचं आधी. प्रमाणित हवेत सूत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून बसतं, व्हिस्कोस ११ ते १३ टक्के, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, ॲक्रिलिक दीड-दोन टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. सेल्युलोजच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट रांगेने बसलेले असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना बिलगतात. पॉलिएस्टरच्या साखळीवर पाण्याला धरायला फारशी जागाच नाही. मे महिन्यात पॉलिएस्टरचा कुर्ता अंगाला का चिकटतो, आणि पावसाळ्यात तोच सगळ्यात आधी का वाळतो, दोन्हीचं उत्तर या एका आकड्यात आहे.

ज्योत, वास, राख

आता ओळखायचं कसं. सोपी चाचणी आमच्या दोघींच्या हातून झाली तीच. पण ती नीट करा. घरात, पंख्याखाली, सँडलवर ठिणगी पडेल अशी करू नका. ॲक्रिलिक जळताना हायड्रोजन सायनाइडही तयार होऊ शकतो, म्हणून जागा फ्यूम हूडचीच. धागे थोडे, चिमटा धातूचा, खाली काचेची किंवा चिनी मातीची थाळी, शेजारी पाणी. आणि कोणीतरी सोबत.

सूत पटकन पेटतं, ज्योतीतून बाहेर काढलं तरी जळत राहतं, टोकाला लाल निखारा धुमसतो, वास जळक्या कागदाचा, राख करडी आणि फुंकरीने उडेल अशी. लोकर आणि रेशीम जळक्या केसांचा वास देतात, कारण तीही प्रथिनंच. पॉलिएस्टर ज्योत जवळ येताच आधी आक्रसून मागे जातं, मग वितळतं, काळा धूर सोडतं, वास काहीसा गोडसर, आणि थंड झाल्यावर टणक गोल मणी. नायलॉनही आक्रसतं आणि वितळतं, पण धूर फिकट. ॲक्रिलिक चरचरत, भराभर जळतं, उग्र वास येतो आणि मागे वेडावाकडा, ठिसूळ काळा गोळा उरतो.

हे वाचून वाटेल, झालं, आता कुठलंही कापड ओळखू. नाही. व्हिस्कोस आणि सूत या चाचणीत सारखेच दिसतात, कारण रेणू एकच. तिथे पाणी कामाला येतं. धाग्याचा मधला भाग ओला करा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. व्हिस्कोस ओलं झाल्यावर जवळपास निम्मी ताकद गमावतं, त्यामुळे ते ओल्या जागीच तुटतं. सूत मात्र ओलं झाल्यावर उलट थोडं मजबूत होतं, ते कोरड्या जागी तुटतं. कापड बाजारातले जुने व्यापारी धागा जिभेला लावून ओढून बघतात, ते यासाठीच. प्रयोगशाळेत जिभेला काहीही लावू नका, ड्रॉपर वापरा.

दुसरी अडचण विणीची. काही कापडांत ताणा एका धाग्याचा आणि बाणा दुसऱ्याचा असतो. म्हणून उभा धागा वेगळा जाळा, आडवा वेगळा. तिसरी अडचण टेरिकॉटची, कारण त्यात मिश्रण धाग्याच्या आत, तंतूंच्या पातळीवर असतं. ज्योतीने तुम्हाला 'आहे' एवढंच कळेल, 'किती आहे' ते नाही.

'किती'साठी रसायन लागतं. ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात ५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की सेल्युलोज विरघळतं, पॉलिएस्टर तसंच राहतं. गाळा, धुवा, वाळवा, वजन करा. पद्धत ऐकायला सोपी आहे, पण नवीन माणूस हमखास एका ठिकाणी फसतो. तो नमुना हवेतून उचलून थेट तोलतो आणि शेवटी उरलेलं पॉलिएस्टर ओव्हनमध्ये वाळवून तोलतो. समजा कापड कोरड्या वजनाने खरोखर ६५ टक्के पॉलिएस्टर आहे. हवेतल्या १ ग्रॅम कोरड्या कापडासोबत सुताने धरलेलं जवळपास ०.०३ ग्रॅम पाणीही तुमच्या तराजूवर चढतं. तुमचं उत्तर येतं ६३ टक्के. दोन टक्क्यांची चूक, आणि ती चूक नमुना बदलला तरी त्याच दिशेने होत राहते, म्हणून तीनदा प्रयोग करून सरासरी काढली तरी लपूनच राहते. जुलैतल्या पुण्याच्या हवेत ती आणखी वाढेल. उपाय साधा: आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ओव्हनमध्ये वाळवून तोला. आपल्याकडे कापडाच्या चाचणीची प्रमाणित हवा २७ अंश आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी ठरवलेली आहे, तीही या पाण्यामुळेच.

सरासरी फसवते

मला खरं जे सांगायचं आहे ते इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

पदार्थ किती सहज जळतो हे सांगणारा एक आकडा असतो, मर्यादी ऑक्सिजन निर्देशांक. ज्योत तग धरून राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, तो आकडा. आपल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे. सुताचा निर्देशांक १८ च्या आसपास, पॉलिएस्टरचा २० ते २२. म्हणजे पुस्तकातला तक्ता बघितला तर पॉलिएस्टर सुतापेक्षा सुरक्षित! पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी हे ठामपणे सांगून मोकळी झाले होते. सरांनी एवढंच विचारलं, "आणि वितळलेलं कुठे जातं?"

आकडा खोटा नाही. शुद्ध पॉलिएस्टरची पट्टी उभी टांगून खालून छोटी ज्योत लावली तर ती बऱ्याचदा पेटत राहत नाहीच. कारण पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं, थेंब खाली गळतात, आणि जाताना उष्णता व इंधन दोन्ही घेऊन जातात. ज्योतीखालून सरपणच निघून जातं म्हणा ना. पट्टी चाचणी 'पास' होते. पण टांगलेल्या पट्टीखाली रिकामी थाळी असते. तुमच्या ॲप्रनखाली तुम्ही असता. तिथे तेच थेंब त्वचेवर उतरतात, चिकटतात आणि चिकटलेल्या जागी उष्णता सोडत राहतात.

आता या पॉलिएस्टरमध्ये सूत मिसळा. सहज वाटतं की गुण मधले कुठेतरी येतील. थोडं कमी वितळणारं, थोडं कमी पेटणारं. होतं उलटंच. सूत वितळत नाही, ते कोळशासारखं काळं पडून जागच्या जागी उभं राहतं. या कोळशाच्या सांगाड्यावर वितळलेलं पॉलिएस्टर चढतं, जसं समईतलं तेल वातीवर चढतं. आता ते गळून पडत नाही. सूत वात झालं, पॉलिएस्टर तेल झालं. दोन्हींपैकी एकट्याने जे केलं नसतं ते दोघं मिळून करतात, आणि कापड आपल्या घटकांच्या सरासरीपेक्षा जास्त जोमाने जळतं. म्हणून मिश्रण बघितलं की दोन टोकांच्या मधे सरळ रेष ओढायची सवय आपण मोडायला हवी. कापडाचं सोडा, संमिश्र पदार्थांवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

मग घ्यायचा कोणता

हॉटप्लेट, बर्नर, ज्वलनशील द्रावकं, हवेत पेटणारी रसायनं, यांतलं काहीही तुमच्या कामात असेल तर शंभर टक्के सुती ॲप्रन. सूत पेटत नाही असं नाही. पेटतं, आणि सहज पेटतं. फक्त ते वितळून अंगाला चिकटत नाही आणि झटकन काढून फेकता येतं. म्हणूनच साध्या बटणांऐवजी चटकन उघडणारी टिचबटणं असतील तर जास्त चांगलं. हवेत पेटणारी रसायनं रोजची असतील तर साधं सूतही पुरेसं नाही, तिथे नोमेक्ससारख्या ज्वालारोधक धाग्याचा ॲप्रन मागायला लाजू नका. तो महाग असतो, आणि तो देणं तुमच्या गाइडचं आणि विभागाचं काम आहे.

पण 'सुती म्हणजे सगळ्यात चांगला' हेही पाठ करून ठेवू नका. सल्फ्युरिक आम्लाचा एक थेंब सुती ॲप्रनवर पडला तर आज काही दिसत नाही, पुढच्या धुण्यात तिथे भोक पडलेलं असतं. वरच्या परीक्षेत सूत ज्या आम्लात विरघळलं तेच हे आम्ल. टेरिकॉटचा ॲप्रन अशा शिंतोड्यांना जास्त टिकतो. म्हणून जिथे ज्योत नाही आणि काम पाण्यातलं, संवर्धनाचं किंवा पातळ आम्लांचं आहे, तिथे टेरिकॉट वाजवी निवड ठरू शकते. नायलॉनला फॉर्मिक आम्ल विरघळवतं, ॲसिटेटला ॲसिटोन. भांडी धुवायला तुम्ही जे ॲसिटोन रोज वापरता, त्याने ॲसिटेटच्या ओढणीला भोक पडतं हे एकीने प्रत्यक्ष करून बघितलं आहे, मुद्दाम नाही.

ओढणीचा विषय निघालाच आहे तर: ॲप्रन सुती घेतला आणि आत जॉर्जेटची ओढणी, नायलॉन-लायक्राची लेगिंग आणि ॲक्रिलिकचा स्वेटर असेल तर अर्धंच काम झालं. बाजारात मिळणारं शिफॉन आणि जॉर्जेट आता बहुतेक पॉलिएस्टरचंच असतं. विणीचं नाव आणि धाग्याचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानात कायम लक्षात ठेवा. सॅटिन ही वीण आहे, शिफॉन हा पोत आहे. 'सॅटिनचं आहे' हे 'कशाचं आहे'चं उत्तर नाही. प्रयोगाच्या दिवशी सुती सलवार किंवा जीन्स, ओढणी बाहेर कपाटात.

धुणं, इस्त्री आणि तो वास

आता दुसरा आकडा, मऊ पडण्याचा. वितळण्याच्या बरंच आधी पॉलिमरचा अस्फटिक भाग काचेसारखा ताठपणा सोडून रबरासारखा होतो. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पॉलिएस्टरसाठी ते ७० ते ८० अंशांच्या आसपास. याचा अर्थ, उकळतं पाणी बादलीत ओतून पॉलिएस्टरचा शर्ट त्यात कोंबला, तर साखळ्या सैल होतात, शर्ट ज्या घड्यांत पडलेला आहे त्या घड्यांत जुळवून घेतात, आणि गार झाल्यावर तिथेच गोठतात. त्या सुरकुत्या मग हट्टी होतात. शाळेच्या स्कर्टच्या प्लीट्स वर्षभर टिकतात त्यामागेही हीच युक्ती, फक्त मुद्दाम केलेली. म्हणून कोमट पाणी, बादलीत कोंबणं नाही, पिळणं कमी.

नायलॉनमध्ये पाणी साखळ्यांच्या मधे शिरून वंगणासारखं काम करतं, त्यामुळे ओल्या नायलॉनचं हे तापमान कोरड्यापेक्षा बरंच खाली येतं. त्याला गार पाणीच बरं. ॲक्रिलिकचीही तीच गत. गरम पाण्यातून काढलेला स्वेटर दोरीवर टांगा आणि संध्याकाळी बघा, बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या असतील. तो आडवा पसरून वाळवायचा.

इस्त्रीच्या चित्रातले ठिपके यासाठीच असतात. एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. ॲक्रिलिक आणि नायलॉनला साधारण एक, पॉलिएस्टरला दोन, सुताला तीन. मिश्र कापडाची इस्त्री नेहमी त्यातल्या नाजूक धाग्याच्या ठिपक्यांनी करायची. लेबल नसेल तर आतल्या शिवणीवर आधी करून बघा.

आणि वास. होस्टेलवर राहिलेल्यांना माहीत असेल, धुतलेला जिमचा टी-शर्ट अंगात घातला की दहा मिनिटांत जुना वास परत येतो. पॉलिएस्टरला पाणी नको असतं, पण तेल हवं असतं. घामातला तेलकट भाग ते धरून ठेवतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांचा वास सुतीपेक्षा जास्त त्रासदायक होता, आणि मायक्रोकॉकस गटातले जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त वाढलेले आढळले. तेव्हा असा टी-शर्ट घामट अवस्थेत पिशवीत कोंबून ठेवू नका. उलटा करून साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरून वाळण्याची क्षमता कमी होते. भाजीच्या तेलाचा डाग असेल तर भांडी घासायचं लिक्विड पाण्याआधी थेट डागावर चोळा. हळद साबणाने लाल झाली तर घाबरू नका. अल्कलीमुळे तसं होतं, आणि हळदीचा रंग उन्हात विटतो.

तराजू आणि कोरा नमुना

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही थेट तुमच्या निरीक्षणांत घुसणाऱ्या.

हिवाळ्यात हवा कोरडी असते. पाणी न धरणाऱ्या धाग्यावर साठलेल्या विद्युतभाराला निसटायला वाट मिळत नाही. ॲक्रिलिकचा स्वेटर घालून चार दशांश स्थळांच्या तराजूसमोर बसलात की आकडा स्थिर होत नाही, आणि हलकी पावडर चमच्यावरून उडी मारते. माझी एक दुपार तराजू बिघडलाय असं समजून गेली. स्वेटर काढला, तराजू बरा झाला. हीच ठिणगी ईथरच्या बाटलीजवळ पडली तर काय, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, सूक्ष्म प्लास्टिकचं. प्लिमथ विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात असा अंदाज निघाला की सहा किलो ॲक्रिलिक कपडे एकदा धुतले तर सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, पॉलिएस्टरमधून पाच लाखांच्या जवळपास, मिश्र कापडातून दीड लाखाच्या आत. हे पर्यावरणाच्या दृष्टीने तर आहेच, पण तुमच्यापैकी कुणी नदीच्या पाण्यातले सूक्ष्म प्लास्टिक मोजणार असेल तर तुमचा स्वतःचा ॲप्रन हाही एक स्रोत आहे. त्या प्रयोगशाळांत सुती ॲप्रनच घालतात, तोही शक्यतो रंगीत, म्हणजे गाळणीवर तो रंग दिसला की धागा कुणाचा ते कळतं. आणि शेजारी एक कोरा नमुना उघडा ठेवून त्यात हवेतून किती तंतू पडले तेही मोजतात.

आमच्या नव्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात सुती ड्रिलचं कापड मीटरवर घेतलं. शिवायच्या आधी ते गरम पाण्यातून काढलं, कारण सूत पहिल्या धुण्यात आटतं आणि मग बाह्या कोपरावर येतात. जुना ॲप्रन तिने टाकला नाही, बफर करायच्या टेबलाजवळ खुंटीला लावून ठेवला आहे. आणि तो काळा मणी सेलोटेपने वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय, खाली तारीख, हवेची आर्द्रता आणि 'लेबल: शंभर टक्के कॉटन' असं लिहून.